दातेबाईंच्या घरी दुपारी कोण खेळत होतं

दातेबाईंचं आडनाव दाते नव्हतं. आमच्याकडे कवळ्या तयार होतात, आणि मेणात समोरचे सहा दात बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून त्या दातेबाई. नुसता प्लास्टरचा जबडा हातात घेऊन त्या सांगायच्या, "हा माणूस डाव्या बाजूने चावतो. आणि झोपेत दात खातो." मी शेजारच्या टेबलावर तयार कवळ्या घासून चकचकीत करते. अकरा वर्षं झाली आम्हाला शेजारी शेजारी बसून.

आमची खोली पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतो. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर पांढरे उघडे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. ज्यांचे मालक कवळी न्यायला आलेच नाहीत, त्यांची एक वेगळी फळी. बाई रोज सकाळी त्या फळीवरची धूळ झटकायच्या. भीती वगैरे त्यांच्या गावीही नव्हती. त्या बाईंना घाबरलेलं मी पाहिलं, म्हणून हे सांगते आहे.

बाई गेम खेळतात हे कळलं तेव्हा मला वाटलं, फोनवर रंगीत गोळ्या फोडत असतील. पण एकदा दात बसवता बसवता त्यांनी ग्राफिक्स कार्ड किती तापलं तर चालतं यावर मला दहा मिनिटं ऐकवलं, तेव्हा मी गप्प बसले. त्रेपन्न वर्षांची बाई, घरी टेबलाखाली मोठा कॉम्प्युटर, हातात कंट्रोलर, आणि नऊ वर्षं एकच गेम.

गेम असा. बर्फाने भरलेली एक दरी. लोक निघून गेलेत, चोवीस घरं रिकामी आहेत. आपण एकटेच. लाकडं तोडायची, शेकोटी विझू द्यायची नाही, एकेका घरात जाऊन दिवा लावायचा. मारामारी नाही, कुणी बोलत नाही. मधून एक गोठलेली नदी जाते. बर्फ फुटून आत पडलो की सगळा प्रवास संपतो, पहिल्यापासून सुरुवात. म्हणून बाईंनी नऊ वर्षांत नदी ओलांडली नव्हती. अलीकडची चौदा घरं झाली, पलीकडची दहा त्यांनी फक्त लांबून पाहिलेली. बाईंचे मिस्टर म्हणायचे, "विकत घेऊन थंडीत कुडकुडायची हौस आहे हिला."

मिस्टर औषधांची व्हॅन चालवतात. सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. घरात दोघंच. आमचं काम आठ ते एक आणि चार ते आठ. मधल्या वेळात बाई घरी जायच्या, घर दहा मिनिटांवर. जेवायचं, आतून कडी लावून थोडं पडायचं, चारला परत. खेळ काय तो आठनंतर.

मग कॉम्प्युटरवर सूचना यायला लागल्या की ही सिस्टिम आता जुनी झाली, हिला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि नवीन सिस्टिम या मशिनवर चालणार नाही. बाई वैतागल्या. "मशिन ठणठणीत आहे. का म्हणून टाकू?"

आमच्या खालच्या मजल्यावर झेरॉक्सवाले काका आहेत. त्यांच्या दुकानातले तिन्ही कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या, जुन्या मशिनवरही चालणाऱ्या सिस्टिमवर आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते लिनक्सचे गोडवे ऐकवतात. कागद दोन मिनिटांत मिळतो, माणूस वीस मिनिटं अडकतो. बाई आपण होऊन विचारायला आल्या म्हटल्यावर काकांना आकाश ठेंगणं झालं.

"पण माझा गेम चालेल का?" बाई म्हणाल्या.

"चालेल. मध्ये एक दुभाष्या असतो. गेम आपल्या जुन्या भाषेत बोलतो, दुभाष्या ते लिनक्सला समजावतो."

"आणि दुभाष्याने काही भलतंच सांगितलं तर?"

"कधी कधी सांगतो," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "मग दुरुस्त करायचं."

काकांनी पेनड्राइव्ह दिला. एका रविवारी बाईंनी स्वतःच्या हाताने जुनी सिस्टिम पुसली आणि लिनक्स चढवलं. नऊ वर्षांचा प्रवास ज्या फोल्डरमध्ये साठला होता, तो अख्खा फोल्डर आधी न उघडताच जपून कॉपी करून ठेवला होता. कंट्रोलर पहिल्या फटक्यात चालला. गेम सुरू झाला, आणि दरीतला बर्फ काळा निघाला. आभाळ नेहमीचं, घरं नेहमीची, दिवे पिवळे. पण जमीन, छपरं, नदी, सगळं डांबरासारखं काळं. बाई त्यातही तासभर चालल्या. सोमवारी मला म्हणाल्या, "वाईट नाही दिसत गं. फक्त पावलं उमटलेली दिसत नाहीत. मागे वळून बघितलं की आपण आलोच नाही असं वाटतं."

काकांनी ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा छोटा प्रोग्राम, बदलायला सांगितला. बर्फ पांढरा झाला. तिथेच संपायला हवं होतं.

लिनक्सवर गेम आपले प्रवास एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. महिनाभराने बाई कॉपी करायला त्या फोल्डरमध्ये शिरल्या. आत दोन प्रवास होते. पहिला त्यांचा. दुसरा त्यांनी कधी सुरूच केला नव्हता; गेम उघडला की आपोआप पहिलाच लागायचा, म्हणून तो कधी दिसलाही नव्हता. त्यावर एकूण वेळ लिहिला होता एकोणीस तास, आणि शेवटचं खेळणं गुरुवारी दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी.

"दोन पंचवीसला मी झोपलेली असते," बाई मला म्हणाल्या. "कॉम्प्युटरच्या बाजूच्या खोलीत."

आम्ही दोघी काकांकडे गेलो. काका हसले. म्हणाले, नवीन सिस्टिमला मशिनचं घड्याळ नीट कळलं नसेल. जुनीने एका पद्धतीने वेळ ठेवली, नवीन दुसऱ्या पद्धतीने वाचते, काही तासांची गफलत होते. तुमचं रात्रीचं खेळणं दुपारचं दिसतंय. आणि दुसरा प्रवास म्हणजे कॉपी करताना झालेली जादा प्रत. त्यांनी घड्याळ कसं जुळवायचं ते कागदावर लिहून दिलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. माझाही.

त्या रात्री बाईंनी घड्याळ जुळवलं आणि खात्री करायला दुसरा प्रवास उघडला.

ती प्रत नव्हती. गेममधला माणूस नदीच्या पलीकडे उभा होता. मागे एका घरात दिवा लागलेला, दाराशी लाकडं नीट रचलेली, आणि नदीवरून सरळ आलेली पावलं. कुठे थांबलेली नाहीत, कुठे वळलेली नाहीत. पलीकडच्या दहापैकी सात घरांत दिवे होते. अलीकडे एकही नाही. ज्याने कुणी हे केलं होतं, त्याने नऊ वर्षं बाईंना जमलेलं सोडून फक्त न जमलेलं केलं होतं.

बाईंनी मिस्टरांना विचारलं. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच. ते म्हणाले, "मी? मला ते दोन अंगठ्यांचं यंत्र धरता येत नाही. आणि आतून कडी लावून झोपतेस तू. मी काय भिंतीतून येऊ?"

ते गंमतीने बोलले. पण बाई त्या रात्री झोपल्या नाहीत.

लिनक्स सुरू होताना पासवर्ड विचारतं. बाईंनी तो बदलला. नवा शब्द चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी चष्म्याच्या घरात, मखमलीच्या खाली सारली. त्यांची ती जुनी खोड. मिस्टरांनाही ठाऊक नव्हती. तीन आठवडे काही झालं नाही. मग एका मंगळवारी बाई चार वाजता कामावर आल्या त्या नाक आक्रसूनच. "घरात काहीतरी जळल्याचा वास येत होता. कॉम्प्युटर तर नाही ना जळला?" मी म्हटलं, वायर बघून घ्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, सकाळचा तो वरचा जबडा पाठवला का आपण?" पाठवला, म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. मी हसून म्हटलं, "बाई, म्हातारपण आलं वाटतं." त्याही हसल्या.

घरी जाऊन त्यांनी फोल्डर पाहिला. मंगळवार, दुपारी दोन वीस ते तीन. आठवं घर.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना एक नोंद काढून आणायला सांगितली. लिनक्स कोण कधी आत आलं, पासवर्ड चुकला का, सगळं लिहून ठेवतं. बाईंनी ते पान छापूनच घेतलं काकांच्या मशिनवर. काकांनी चष्मा लावला, पान वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दोन वाजून अठराला कुणीतरी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. मग दोन मिनिटं काहीच नाही. मग बरोबर."

"कुणाला कळला नवा शब्द?"

"ते सोडा. पहिल्या दोन वेळा काय टाकलं असेल? मला वाटतं, जुना शब्द. माणूस सवयीने तोच टाकतो. जुना कुणाला माहीत होता?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या. "मला एकटीलाच."

झेरॉक्सचं मशिन आपलं चालूच होतं, कागदामागून कागद. बाईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं, उघडलं. चिठ्ठी होती. पण मखमलीच्या खाली नव्हती. वर, चष्म्यावर, दुमडून ठेवलेली.

मी म्हटलं, कुलूप बदला, पोलिसांत जा, मी येते दुपारी सोबतीला. बाई ऐकेनात. "चोर काही नेत नाही. येतो, माझ्या खुर्चीत बसतो, दिवे लावतो आणि जातो. काय सांगू मी पोलिसांना?" शेवटी काकांनी दुकानातला एक जुना कॅमेरा दिला आणि चार ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. दुपारी गेम सुरू झाला की दर मिनिटाला एक फोटो, वेगळ्या फोल्डरमध्ये. कॅमेरा स्क्रीनच्या वर बसवला.

सतरा दिवस फोटोंचा फोल्डर रिकामा. अठराव्या दिवशी संध्याकाळी त्यात अडतीस फोटो होते. बाईंनी एकही उघडला नाही. पेनड्राइव्हवर घेतले आणि सकाळी अकराला, भर उजेडात, मला घेऊन खाली गेल्या. "एकटीने नाही बघायचं मला," एवढंच म्हणाल्या.

काकांनी पहिला फोटो उघडला.

खुर्चीत दातेबाई बसल्या होत्या. घरातला निळा गाऊन, डोळ्यांवर चष्मा, केस मोकळे, हातात कंट्रोलर.

काका सुस्कारा सोडून म्हणाले, "अहो, हे तर तुमचेच! तुम्हीच खेळलात आणि विसरलात की."

काका एकेक फोटो पुढे नेत राहिले. बाई बसलेल्या. बाई जरा पुढे झुकलेल्या. बाविसाव्या फोटोत कानाला फोन. तिसाव्यात पुन्हा खेळताना. शेवटच्या फोटोत कंट्रोलर खाली ठेवलेला आणि बाई सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या, एखादी नवी वस्तू घरात कुणी आणून ठेवली असावी तशा. तो कॅमेरा त्यांनीच बसवला होता, पण चेहऱ्यावर ओळख नव्हती.

"किती शांत बसलीय," दातेबाई हळूच म्हणाल्या. "मी नाही अशी बसत."

मग त्यांनी माझा हात धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "काल मी जेवले, पडले, साडेतीनला तोंड धुवून निघाले. मध्ये काही नाही गं. काही म्हणजे काहीच नाही."

तिथूनच मी मिस्टरांना फोन लावला. काल दुपारी तुम्ही बाईंशी बोललात का, विचारलं. ते म्हणाले, "हो, पावणेतीनच्या सुमारास. झोपेतून उठली होती बहुतेक. चार वेळा विचारलं तिने, कुठे आहात म्हणून. सांगितलं की बरं म्हणायची आणि पुन्हा तेच. मी म्हटलं चेष्टा करतेय." आणि मग तेच थबकले. "असं पूर्वीही झालंय एक-दोनदा. का? काय झालंय?"

ते व्हॅन तशीच वळवून आले.

मेंदूच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी ते पान, फोल्डरमधल्या तारखा, अडतीस फोटो, सगळं टेबलावर पसरून घेतलं. मला विचारलं, मिस्टरांना विचारलं. जळका वास येतो का, हे त्यांनी आपण होऊन विचारलं तेव्हा मी तो मंगळवार सांगितला. आणखी तपासण्या झाल्या, डोक्याला तारा लावून आलेख काढला, त्यात सापडलं.

"ही फिट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फिट म्हणजे पडणं, हातपाय झाडणं, असंच नसतं. काही लोकांना झोपेतून उठल्यावर येते. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त, माणूस चालतो, बोलतो, सवयीची कामं करतो. फक्त त्या वेळातलं आठवणीत काही उरत नाही. आणि गेल्या काही आठवड्यांतलं त्या वेळी नीट आठवत नाही. म्हणून आधी जुना पासवर्ड टाकला, मग चिठ्ठी शोधली. चिठ्ठी कुठे ठेवायची ही सवय जुनी, ती शाबूत होती. वास हाही त्याचाच भाग."

"किती दिवस चाललंय हे?" मिस्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी दुसरा प्रवास सुरू झाल्याच्या तारखेवर बोट ठेवलं; तो जुन्या सिस्टिमवरून कॉपीतच आला होता. "कॉम्प्युटरप्रमाणे चौदा महिने. एरवी लोक पाच-पाच वर्षं येत नाहीत माझ्याकडे. कुणाच्या लक्षातच येत नाही."

बाईंनी विचारलं, "पण ती दुसराच प्रवास का खेळायची? आणि नदी कशी ओलांडली तिने?"

"ती म्हणजे तुम्हीच," डॉक्टर म्हणाल्या.

"हो, पण का?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

रोज संध्याकाळी एक गोळी सुरू झाली. फोल्डरमध्ये दुपारची नोंद त्यानंतर पडली नाही. तरी कॅमेरा बाईंनी काढला नाही, आणि मिस्टर रोज अडीचला फोन करतात, आज वार कोणता म्हणून विचारतात. काकांनी ही हकिगत लिनक्सच्या खात्यावर जमा केली आहे; झेरॉक्सला येणारा प्रत्येक माणूस ती ऐकून जातो. बाई त्यांना अडवत नाहीत. "खरंच आहे ते," म्हणतात. "सिस्टिम बदलली नसती, तर मी त्या फोल्डरमध्ये कशाला गेले असते?"

आठव्या घरातला दिवा तसाच आहे. नववं आणि दहावं अंधारात. दुसरा प्रवास त्यांनी पुसलाही नाही आणि पुढेही नेला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तो माझा नाही." मग मेणात एक दात बसवला, काढला, पुन्हा बसवला. "म्हणजे माझाच आहे. पण दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, मागच्या काही वर्षांचे फोटो एकदा दोघांनी मिळून बघा. एका रविवारी ते बसले. मिस्टर फोनवर एकेक दाखवत गेले. भाच्याचं लग्न, आठवतंय. घराला रंग दिला, आठवतंय. मग एका तळ्यावर नावेत बसलेल्या बाई, वाऱ्याने केस उडालेले, तोंडभर हसताना.

"हे कुठलं?"

मिस्टरांना आधी वाटलं, गंमत करते. दोन वर्षांपूर्वी ते दोघं तीन दिवस तिथे राहिले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी सुट्टी मिळाली होती. मिस्टरांच्या लेखी ते त्यांच्या संसारातले सगळ्यात चांगले तीन दिवस होते. नाव, तळं, खोली, परतीच्या वाटेवर पंक्चर झालेलं चाक, सगळं त्यांनी सांगून पाहिलं. बाई ऐकत राहिल्या, परक्याची गोष्ट ऐकावी तशा. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, या आजारात अशी जुनी पानंही जातात, आणि गेलेली बहुधा परत येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मिस्टरांनी रजा टाकली आणि तीच जागा, तीच खोली पुन्हा ठरवली.

हे पुढचं बाईंनी मला परत आल्यावर सांगितलं. तळ्याकाठच्या त्या विश्रामगृहातली मालकीण त्यांना बघून दारातच हसली. "या, या. या वेळी शाल आणलीत ना? मागच्या वेळी माझी नेली होतीत रात्रभर." बाईंनी हसून मान हलवली. काय सांगणार? मालकिणीने किल्ली दिली, खोली कुठली ते सांगितलं नाही. मिस्टर गाडीतून बॅगा काढत होते. बाई किल्ली घेऊन एकट्याच जिना चढल्या. वरच्या मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, कशावरही नंबर नाही. त्या चालत गेल्या आणि एका दारापाशी थांबल्या. किल्ली फिरवली. दार उघडलं.

मागून मिस्टर धापा टाकत आले. दोन्ही हातांत बॅगा. "आठवलं तुला!" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "काहीच नाही आठवलं. पाय आले."

मिस्टरांनी बॅगा खाली ठेवल्या. खोलीत दोन खाटा होत्या, एक खिडकीपाशी, एक भिंतीपाशी. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "मी कुठल्या खाटेवर झोपले होते?"